पंचाच्या परीक्षेचे घड्याळ

“हात लावलास ना? मग तोच मोहरा हलव! लाडीगोडी घरी!”

मामांचा हा आवाज माझ्या लाकडात अजून घुमतो. मित्रांनो, मी एक जुने बुद्धिबळाचे घड्याळ आहे. एका देहात दोन तबकड्या, डोक्यावर दोन खटके. चाल करून आपला खटका दाबला की आपला वेळ थांबतो आणि समोरच्याचा वाहू लागतो. वेळ सरत आला की काटा एक लाल निशाण उचलतो. ते पडले की ज्याचे निशाण त्याचा डाव गेला. माझ्या पोटी दयामाया नाही, पण लबाडीही नाही.

कारागिराने शेवटचा स्क्रू पिळून मला पेटीत घातले आणि मी मामांचे झाले. मामा नावाजलेले पंच. ओठांवर बोट ठेवून त्यांनी ‘शुक्’ केले की अख्खा हॉल चिडीचूप. म्हणून पोरे त्यांना शुकशुकमामा म्हणत.

मग त्यांच्या भाचीच्या मनाने घेतले, आपणही पंच व्हायचे. तुम्हाला वाटेल, पंच म्हणजे मागे हात बांधून फिरायचे. छे! आधी शिबिर, मग लेखी परीक्षा. त्यानंतर खऱ्या स्पर्धांत काम करून तीनदा मुख्य पंचांचा चांगला शेरा मिळवायचा, तेव्हा कुठे पदवी. भाची दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला किल्ली द्यायची. मामा समोर बसून एकटेच दोन्ही खेळाडू व्हायचे.

“पंचबाई, हा मुद्दाम नाक ओढतोय!”

“आधी समज देईन.”

“पंचबाई, मी उजव्या हाताने चाल केली, डाव्याने घड्याळ दाबलं. बिघडलं काय?”

“ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ.”

“आणि माझं डोकं दुखतंय.”

“त्याला नियम नाही, मामा. बाम आहे.”

काय तिची चिकाटी! डोळे चुरचुरत, पण पुस्तक मिटत नसे. लेखी परीक्षा तिने झोकात पार केली. दोन चांगले शेरेही मिळाले.

तिसऱ्या स्पर्धेत घात झाला. एका वृद्ध पोस्टमनने सुरेख चाल केली आणि त्या आनंदात माझा खटका दाबायलाच तो विसरला. त्याचा स्वतःचाच वेळ वाहत राहिला. अशा वेळी पंचाने आठवण करून द्यायची नसते, कारण घड्याळ सांभाळणे हाही खेळच. भाचीला हे पाठ होते. पण त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावरचे हसू पाहून तिचा जीव तुटला आणि ती खोकली. सर्दी नाही, पडसे नाही, नुसताच खोकला! पोस्टमन दचकला, खटका दाबला. समोरचा खेळाडू ताडकन उभा राहिला.

शेरा गेला. “पुन्हा असं झालं, तर पंचगिरी विसर,” मुख्य पंचबाईंनी बजावले.

घरी तिने विचारले, “मामा, तिथे तुम्ही असतात तर?”

मामा फडक्याने मला पुसत राहिले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

पुढच्या स्पर्धेपर्यंत मामा निवृत्त झाले होते. उभा जन्म दुसऱ्यांचे डाव पाहिले, आता स्वतः खेळायला बसले. समोर एक कॉलेजची मुलगी, मध्ये मी, आणि त्या रांगेवर पंच म्हणून भाची.

“नातं दाराबाहेर ठेवलंस?” मुख्य पंचबाईंनी भाचीला विचारले.

“ठेवलंय.”

“मग उभी राहा.”

मामा रंगात आले. एक वजीर वरचढ. त्यांनी हत्ती सरकवला, हाताची घडी घातली आणि गालात हसत बसले. आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळे राखणारा माणूस स्वतःचे घड्याळ दाबायला विसरला! मुलगी पटावर डोळे लावून गप्प. मी टिकटिकत होते. भाचीने माझे निशाण हळूहळू उचलले जाताना पाहिले. तिचा गळा हलला, ओठ हलले नाहीत. मित्रांनो, हजार हातांचे ठोके मी सोसले, पण त्या मुक्या भाचीइतका भार कुणी उचललेला पाहिला नाही.

निशाण पडले.

“वेळ संपला. डाव संपला,” ती म्हणाली.

मामांनी मुलीशी हात मिळवला. मुख्य पंचबाईंनी भाचीच्या तिसऱ्या चांगल्या शेऱ्याखाली सही केली.

आता विजेरीवरची घड्याळे आली. मी चष्म्याच्या दुकानातल्या कपाटात असते. कधी किल्ली मिळते, कधी राहून जाते. मला जपा, असा हट्ट नाही माझा. पण एखाद्या हॉलमध्ये कुणी पंच गप्प उभा दिसला, तर त्याच्या गप्प राहण्याचा मान राखा. ते फार कष्टाने शिकलेले असते.

त्या दिवशी, मामांचा डाव संपल्यावर, मला काखोटीला मारून भाचीने जिन्यात मामांना गाठले.

“रागावलात, मामा?”

“स्वतःवर! वजीर होता गं माझा वरचढ!” दोन पायऱ्या उतरून ते थांबले. कठडा धरून तिच्याकडे न पाहताच म्हणाले, “त्या पोस्टमनच्या वेळी तू विचारलं होतंस ना? मीही खोकलो असतो, बाळा.”