खिळ्यावरची पाटी

सकाळी उठल्यापासून देवाचा नैवेद्य होईपर्यंत मी बोलत नाही. सार्थकचे बाबा दुखण्यातून उठले तेव्हा हे मौन धरलं, त्याला अकरा वर्षं झाली. अगदी अडलंच तर पाटीवर लिहिते. ती पाटी विक्कीनं आणून दिलेली. "काकू, तुमचे हातवारे काय कळत नाहीत," म्हणाला आणि मागच्या दाराच्या चौकटीला स्वतःच खिळा ठोकून गेला.

विक्की कासारवाडीचा, गिरजाबाईंचा मुलगा. चाकणच्या एका कंपनीत तो आणि माझा सार्थक एकत्र ट्रेनी होते. दोघंही गिटार वाजवायचे, दोघंही गाणी लिहायचे. जमीन कंपन्यांना गेल्यापासून आमची कांद्याची वखार रिकामीच होती. तिच्या भिंतींना माझ्या गोधड्या ठोकून त्यांनी सराव सुरू केला. बँडचं नावही 'वखार'च ठेवलं. ड्रम वाजला की माझी फडताळातली भांडी थरथरायची. आधी आकुर्डीच्या कॉलेजात वाजवलं, मग पुण्यात, मग पार बंगळूरला. विक्कीचा आवाज बसका, म्हणून दोघांचीही गाणी सार्थकच गायचा. पण वहीत प्रत्येक गाण्याखाली ज्याचं त्याचं नाव लागायचं.

'डबा' हे गाणं विक्कीनं माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं. मागच्या ओट्यावर बसून. मी मेथी निवडत होते, दुपार होती, मौन सुटलेलं. "काकू, एकदम थंड झालेल्याला तुमच्यात काय म्हणतात?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, गारढोण. त्यानं ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं:

उभ्या उभ्या खाल्लेल्या डब्यात
आई, तुझी दुपार गारढोण.

गिरजाबाई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाढायला होत्या. सगळ्यांचं झाल्यावर त्या आपला डबा उघडायच्या.

तीन वर्षं तो त्या ओट्यावर बसला. आत ये, असं मी त्याला कधी म्हटलं नाही. हे आत्ता लिहिताना कळतं, असं लिहिणार होते. पण ते तेव्हाही कळत होतं.

मोबाईलवर हे गाणं 'वखार'च्या नावानं खूप चाललं. मग मुंबईहून हर्षाली नावाची मुलगी बँडवर फिल्म करायला आली. सकाळचे दहा वाजले होते. ओट्यावर सार्थक, पायरीवर विक्की, दारात मी.

"'डबा' कुणी लिहिलं?" तिनं विचारलं.

"मी," सार्थक म्हणाला. इतक्या सहज, की मला आधी वाटलं मीच चुकीचं ऐकलं. "आईवरून सुचलं."

हर्षाली माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही शेतावर डबा न्यायच्या?"

आम्ही फडक्यात भाकरी बांधून नेत असू. डबा कधी नव्हताच. पाटी माझ्या खांद्याशी होती. विक्की माझ्याकडे बघत नव्हता, पाटीकडे बघत होता. परक्या माणसासमोर मित्राला खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं असेल. काकू लिहितील, असं त्याला वाटलं असेल.

मी ओठांवर बोट ठेवलं.

"आईचं मौन असतं," सार्थक म्हणाला.

"किती सुंदर," हर्षाली म्हणाली. तिनं स्वयंपाकघरातून डबा मागवला, माझ्या हातात दिला आणि फिल्म घेतली. मी पदर सारखा केला. तेही मला आठवतं.

विक्की त्यानंतर सरावाला आला नाही. सार्थकनं दुसरा मुलगा घेतला. दोन गाणी आली, कुणी ऐकली नाहीत, वर्षभरात बँड मोडला. गोधड्या मी काढून धुतल्या. मौन रोज चालू होतं, फक्त ते आता देवासाठी राहिलं नव्हतं. देवासमोर बसले की पाठीमागे तो खिळा जाणवायचा.

दोन वर्षांनी, गेल्या गुरुवारी, मी सकाळीच कासारवाडीला गेले. विक्की रात्रपाळी करून नुकताच आला होता, गिरजाबाई कांदा चिरत होत्या.

"विक्की, मी चुकले," मी म्हणाले.

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "काकू, साडेनऊच झालेत."

"माहीत आहे. ते गाणं तुझं आहे."

"ते मला माहितीये की. मला काय सांगताय?"

"आत तर येऊ दे त्यांना," गिरजाबाई म्हणाल्या. "दारात किती वेळ उभं करणार?"

हे ऐकून मला मान वर करवेना. आत जाऊन बसले. फोन काढला आणि त्या दोघांसमोर हर्षालीला लावला.

"मी सार्थकची आई. 'डबा' विक्कीनं लिहिलंय, त्याच्या आईवर. मी तेव्हा समोर होते. तुम्ही आलात तेव्हा पाटीवर लिहिता आलं असतं, मी लिहिलं नाही. हे सगळीकडे सांगा, माझ्या नावानं."

 हर्षाली म्हणाली, "काकू, सार्थकला माहितीये तुम्ही फोन करताय ते?"

"घरी गेल्यावर सांगते," मी म्हटलं.

गिरजाबाईंनी चहा ठेवला. नैवेद्याआधी मी पाणीसुद्धा घेत नाही. विक्की कपाकडे बघत होता, तसाच, पाटीकडे बघत होता तसा.

मी कप उचलला.