चाळणीत वर उरलेली माती

मित्रांनो, मी माती चाळायची एक जुनी चाळण आहे. माझी जाळी दोनदा बदलली, पण लाकडी चौकट पहिलीच आहे. ज्या झाडाची ती चौकट, त्याच झाडाची ही हकिकत. मला मान असती तर सांगताना खाली घातली असती.

ते झाड फक्त आमच्याकडच्या डोंगरांवर व्हायचं. त्याचं लाकूड पाण्यात कुजत नाही आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, हाच त्याचा गुन्हा. होड्या, दारं आणि माझ्यासारख्या किरकोळ वस्तूंसाठी लोक हात धुवून त्याच्या मागे लागले. शेवटी आमच्या रोपवाटिकेच्या पाण्याच्या टाकीमागे एकच म्हातारं झाड उरलं.

माझे मालक तिथले मुख्य माळी. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. माती तीनदा चाळायची, मग पत्र्यावर भाजायची, म्हणजे किडामुंगी राहत नाही, हा त्यांचा शिरस्ता. पाहुणे ती मऊ माती मुठीत घेऊन वाखाणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मीही फुगून जायचे.

एका वादळात ते शेवटचं झाड मुळासकट आडवं झालं. आप्पांनी आणि त्यांच्या थोरल्या मुलीने त्याच्या बिया वेचल्या आणि झाडाखालची तीन पोती माती आणली. माती माझ्यातून गेली. मुळांचे तुकडे, कुजकी पानं, पांढरे धागे धरलेली ढेकळं, असं जे वर उरलं ते शेडमागच्या ढिगावर पडलं. खालची बारीक माती भाजून पिशव्यांत भरली. एकावन्न रोपं उगवली. ती गेली तर जगात ते झाड उरणार नव्हतं.

रोपं दोन पानांवर अडली आणि पिवळी पडायला लागली. आप्पांनी पाणी कमी केलं, सावली वाढवली, त्यांना जेवणाची शुद्ध राहिली नाही. मेलेली रोपं ते स्वतःच उपटायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. अकरा उरली तेव्हा थोरलीने विचारलं, "आप्पा, माती कशी घेतलीत?"

"नेहमीसारखीच. तीनदा चाळून, भाजून."

"त्या झाडाच्या मुळांवर पांढऱ्या धाग्यांची एक बुरशी असते, आप्पा. तिच्याशिवाय या पोरांच्या तोंडी घास लागत नाही. ती आपण भाजून टाकली."

टाकीमागे तोवर फरशी घातली गेली होती, तिथे माती मिळण्यासारखी नव्हती. आप्पा सरळ शेडमागे गेले आणि गुडघे टेकून ढीग हातांनी उकरू लागले. मी टाकाऊ ठरवलेल्यातलं टोपलीभर तळाशी सापडलं. मी खिळ्यावरून सगळं पाहत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्या टोपलीवर चार रोपं जगली. आता ती कंबरेएवढी झाली आहेत. त्यांना बी धरायला अजून तीस वर्षं लागतील, आणि आप्पांनी आत्ताच सत्तरी गाठली आहे.

परवा शाळेची मुलं आली होती. यांनी चार झाडं वाचवली, असं त्यांच्या बाई कौतुकाने सांगत होत्या. आप्पांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"बाई, सत्तेचाळीस माझ्या हातून मेली, तेही त्यांना लिहून घेऊ द्या. नाहीतर पुढचा माळीसुद्धा माझ्यासारखाच चाळायला बसेल."

मुलांनी खरंच वहीत लिहून घेतलं. मित्रांनो, तुम्हीही एवढं करा. कुणाची काळजी घ्यायला निघालात, तर त्याला काय लागतं ते आधी विचारा. आमच्याकडे माया होती, मेहनत होती. विचारायचं मात्र राहून गेलं.