उघड्या लेकराची पहाट

कंधारात माधवरावांच्या पहाटेचं फार कौतुक होतं. थंडी असो की पाऊस, शुक्राची चांदणी वर आली की हा माणूस उठलाच! स्नान, संध्या, मग कंदिलासमोर उर्दूचा अभ्यास, पूजा, नैवेद्य, जेवण, आणि कचेरी उघडायच्या आधी पायरीवर हजर. तहसिलीतला साधा अहलकार, म्हणजे कारकून, पण वरचा पेशकार व्हायची जिद्द. निजामाच्या राज्यात कचेरीचं सगळं काम उर्दूत, तेव्हा इम्तिहान पास झाल्याशिवाय वर चढायची सोय नव्हती. गावातले बाप आपल्या आळशी पोरांना सांगत, "त्या माधवरावांकडं बघा जरा!"

लोक बघत ते माधवरावांकडंच. त्यांच्याही आधी उठून बंब पेटवणाऱ्या त्यांच्या बायकोकडं, सिंधूकडं कोण बघतो?

माधवरावांच्या पहाटेचा सगळा डोलारा सोवळ्यावर उभा होता. सिंधूनं आधी अंगावर पाणी घ्यायचं, ओलेत्यानं आडाचं पाणी शेंदायचं आणि ओलेत्यानंच स्वयंपाकाला बसायचं. नैवेद्य होईपर्यंत तिला कोणी शिवायचं नाही. पण घरात विशाखा होती, अजून दोन वर्षांचीही न झालेली. तिला काय कळतं सोवळं? आई दिसली की ती हात पसरून रडायची. जुन्या लोकांनी यावर तोड काढून ठेवलीच होती: सुती कपड्याचा विटाळ होतो, उघडं लेकरू मात्र चालतं. म्हणून सिंधू रोज पहाटे पोरीचं झबलं काढायची आणि तिला तशीच ओल्या लुगड्याच्या कमरेवर घ्यायची. घरोघरी असंच चालायचं. यात कोणाच्या मनात वाईट नव्हतं, आणि म्हणूनच ते कोणाला दिसत नव्हतं!

पौष लागला. विशाखा खोकायला लागली. मग अंग तापलं. सिंधूनं रात्रीच नवऱ्यापुढं हात जोडले.

"अहो, उद्याच्या दिवस सोवळं राहू द्या ना. पोरीला पांघरुणात घेऊन बसते."

"आज राहू द्या, उद्या राहू द्या, अन् मग?" माधवराव म्हणाले. "एकदा नेम मोडला की माणूस मोडतो. इम्तिहान तोंडावर आलंय. हे सगळं तुमच्यासाठीच करून राहिलो ना मी?"

तुमच्यासाठी म्हटल्यावर बाईमाणसानं बोलावं काय? पहाटे ती उठली, तिनं थंड पाणी अंगावर घेतलं आणि कुडकुडत पोरीचं झबलं काढलं.

माधवरावांची थोरली बहीण गोदाक्का आदल्या संध्याकाळीच लातूरहून आली होती. मोटारीच्या धक्क्यांनी अंग आंबलं होतं, तरी पोरीच्या कण्हण्यानं तिला जाग आली. ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच थबकली. चुलीवर भात रटरटत होता. सिंधूच्या ओल्या कमरेवर उघडी विशाखा मान टाकून पडली होती. श्वासागणिक पोरीच्या बरगड्या आत जात होत्या आणि ओठ काळेनिळे पडले होते.

"अगं, पोरगी धापा टाकू लाली की!" गोदाक्का ओरडली. तिनं पोरीला ओढून घेतलं, झबलं चढवलं, आपल्या गोधडीत गुंडाळलं आणि परत आईकडं केलं. "धर. छातीशी धर तिला."

आणि सिंधू एक पाऊल मागं सरली!

"अक्का, नको! सोवळं मोडेल. नैवेद्य व्हायचाय अजून." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात पोरीकडं ओढ घेत होते आणि पाय मागं जात होते. आपल्याच लेकराला भिणारी आई गोदाक्कानं त्या दिवशी पाहिली. अक्का पोरीला घेऊन तडक देवघरात गेली.

माधवराव रेशमी मुकटा नेसून चंदन उगाळत होते.

"अक्का, लांब हो! शिवशील."

"शिवायलाच आलेय. बघ ही तुझी पोर. हिला दवाखान्यात ने."

"एवढी पूजा आटोपतो अन् नेतो. सिंधूला सांग, तिला शेकून..."

"सिंधूला? ती बिचारी पोरीला हात लावायला भिऊ लाली!" गोदाक्काचा आवाज चिरकला. "माधव, तू लवकर उठतोस, लई चांगलं करतोस. शिक, मोठा हो. पण पाणी शेंदलं तिनं, बंब पेटवला तिनं, गारठली ती, अन् नेम म्हणे तुझा! स्वतः कष्टानं पाळलास तर त्याला नेम म्हणेन मी. दुसऱ्याच्या अंगावर लादलास तर तो जुलूम झाला. अन् देवाचं म्हणशील, तर त्याला एका दिवसाच्या शिळ्या फुलांचं काही वाटायचं न्हाई. मेलेल्या पोरीचा बाप काय तोंडानं पूजा करणार आहे त्याची?"

माधवरावांचा हात सहाणेवर थांबला. ते उठले, पण मुकटा सावरत मागं सरले. सवय! इतक्या वर्षांची सवय!

तेवढ्यात विशाखानं डोळे उघडले. बाप समोर दिसला. तिच्यात रडायचं त्राण नव्हतं. तिनं तो तापलेला चिमुकला हात गोधडीतून बाहेर काढला आणि ती स्वतःच आपलं झबलं ओढायला लागली. उघडं झालं की जवळ घेतात, एवढं त्या जिवाला पक्कं कळलं होतं. तिला कपडे काढायचे होते. तिला बापाकडं जायचं होतं!

"नको गं! नको माझे बाई!" माधवराव किंचाळलेच. चंदनाचं खोड कुठं पडलं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी गोधडीसकट पोर छातीशी आवळली आणि अनवाणी, मुकटा नेसलेले, भर रस्त्यानं दवाखान्याकडं पळत सुटले.

डॉक्टरांनी पोरीची छाती तपासली आणि मान हलवली. "डबा हो गया है, निमोनिया. गरम रखो, सीने से लगाके रखो. आगे अल्लाह मालिक."

सिंधूही मागोमाग धावत आली होती. तो दिवस कसा गेला ते त्या दोघांनाच ठाऊक. माधवराव पोरीला अंगाशी धरून भिंतीला टेकून बसले. कचेरीचा शिपाई बोलवायला आला, तो तसाच परत गेला. संध्याकाळकडं सिंधू हलक्या आवाजात म्हणाली, "जवळ घ्यायला मिळावी म्हणून मीच तिला उघडी करायचे हो. माझ्या हातानं..."

"तू न्हाई," माधवराव म्हणाले. "तुला दुसरी वाट मी ठेवलीच नव्हती." आणि नवरा बायकोपुढं रडला.

विशाखा वाचली. ताप उतरायला बरेच दिवस लागले, आणि पुढं कित्येक हिवाळे तिची छाती भरून यायचीच. इम्तिहान त्या वर्षी हुकलं. माधवरावांनी त्याचं दुःख केलं नाही असं नाही, पण बोलून दाखवलं नाही.

पहाट मात्र त्यांनी सोडली नाही. पुढंही ते चांदणीलाच उठायचे. आता बंब ते पेटवायचे. आडावर पाणी ते शेंदायचे, आणि दोरीनं तळहात सोलले तेव्हा कुठं त्यांना कळलं की आड किती खोल आहे. शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. हसू देत! सिंधू उजाडेपर्यंत पोरीला कुशीत घेऊन झोपायची. देवापुढं दोन फुलं वाहिली जायची, आणि ती वाहताना कोणी शिवलं तर शिवलं.

वाचकहो, पहाटे जरूर उठा. अभ्यास करा, देवाचं नाव घ्या, कामावर वेळेत जा. पण ज्या नेमापायी आई लेकराला जवळ घ्यायला भिते, तो नेम कितीही जुना असो, कितीही पवित्र असो, तो मोडायलाच हवा! उठल्यावर आधी आपल्या घरात बघा, आपल्या पहाटेसाठी कोण गारठतंय. त्याच्या अंगावर पांघरूण घाला, आणि मग हात जोडा.