डावीकडचा लिव्हर

खडकाळ रस्त्यावर गाडीला मागच्या चाकांचा लॉक हवा की नुसतं ट्रॅक्शन कंट्रोल पुरतं, यावर संघमित्राच्या माहेरी दोन वर्षं भांडण चाललं होतं. भांडणारे दोघंच: तिचे बाबा कुंडलिकराव आणि धाकटा भाऊ चैतन्य. आईनं, कमलनं, कधी कुणाची बाजू घेतली नाही. ती दोघांच्या ताटात गरम भाकरी टाकत राहायची आणि आवाज फारच चढला तर ठेच्याची वाटी मधे सरकवायची. फेब्रुवारीत बाबा गेले आणि भांडण अर्धवट राहिलं.

बाबांनी मुलुंडच्या एका वर्कशॉपात सदतीस वर्षं गाड्यांचे गिअरबॉक्स आणि चाकांना जोर वाटून देणारे डिफरन्शियल उघडण्यात काढली होती. त्यामुळे त्यांचं म्हणणं पक्कं होतं. ते सांगायचे, "पाणी जसं उताराकडं जातं, तसा इंजिनचा जोर हलक्या चाकाकडं जातो. एक चाक खड्ड्यावर अधांतरी झालं की सगळा जोर तिकडंच. ते फिरत राहतं, जमिनीवरचं चाक ढिम्म. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. संपला विषय."

"माझ्या गाडीचं ट्रॅक्शन कंट्रोल त्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक मारतं, बाबा," चैतन्य म्हणायचा. "मग जोर जातो दुसऱ्या चाकाला. तेच झालं ना?"

"तेच कसं? लॉक आधीच तयार असतो. तुझी गाडी चाक घसरल्यावर जागी होते. ही म्हणजे पळणाऱ्याची कॉलर धरायची रीत. धरून धरून हात दुखत नाही का?"

"काय यार बाबा, कंप्युटर आहे तो. त्याला हात कुठून येणार?"

बाबांची स्वतःची जीप तीस वर्षांची होती. तिच्या मागच्या एक्सलमधला लॉक त्यांनी स्वतः बसवलेला, आणि तो ओढायचा लिव्हर डाव्या सीटच्या बाजूला, दाराजवळ. गाडी चालवणाऱ्याचा हात तिथं पोचत नसे. कुणी हसलं की ते म्हणायचे, "चालवणारा माणूस घाबरलेला असतो. घाबरलेल्यानं लॉकला हात लावू नये."

आता आईबाबांचं घर असलेली मुलुंडची इमारत पुनर्विकासाला जाणार होती. महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं, आई बोरीवलीला चैतन्यकडं राहायला जाणार होती, आणि चैतन्यच्या सोसायटीत एका घराला एकच पार्किंग. हर्षद नावाच्या एका ओळखीच्या माणसाला जीप हवी होती. रविवारी चार वाजता तो न्यायला येणार असंही ठरलं होतं.

संघमित्रा घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. एखादं पुस्तक रद्दीत काढायचं तरी दोनदा चाळून बघण्याची तिला सवय. ती चैतन्यला म्हणाली, "आधी खाणीवर चल. तिथला तिरकीचा चढ चढून दाखव. तुझी गाडी लॉकशिवाय चढली तर जीप देऊन टाकू, मी एक शब्द बोलणार नाही. नाही चढली तर पार्किंगमध्ये जीप राहील आणि तुझी गाडी रस्त्यावर."

"ताई, माझी गाडी दोन वर्षांची आहे गं!"

"मग घाबरतोस कशाला?"

मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी एक बंद पडलेली दगडखाण आहे. मालक खासगी, पण राखणदार लवू बाबांचा जुना दोस्त. कोकणातून गिरणीत आला, गिरणी गेली तसा इथं आला. बाबा दुरुस्त केलेल्या गाड्या इथंच आणून तपासायचे. तिरकी म्हणजे खाणीतला एक चढ: एक खड्डा डावीकडं, पुढचा उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं. त्यात गाडी अशी वाकडी होते की एक पुढचं आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं चाक हवेत राहतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता आई घडीच्या खुर्चीत बसली, डबा मांडीवर. लवू तिच्या शेजारी उभा राहिला, जणू दोघं कुणाच्या लग्नाला आलेत.

चैतन्य निघाला. पहिला खड्डा पार झाला. दुसऱ्यात गाडी कलली, मागचं चाक गरगरलं, धूळ उडाली आणि त्यानं दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडी थांबली.

"झालं?" संघमित्रानं विचारलं.

"थांब ना! पाय नाही उचलायचा, मी उचलला. चूक माझी, गाडीची नाही."

तो मागे आला. या वेळी त्यानं पाय तसाच ठेवला. चाक फिरलं, आतून करकर करकर असा आवाज आला, गाडीनं स्वतःच चाक आवळलं, सोडलं, पुन्हा आवळलं, आणि हिसके देत का होईना, ती वर सरकली. तिसरा खड्डाही तिनं तसाच काढला. वरून हॉर्न वाजला.

संघमित्रानं एकदा जीपकडं पाहिलं. पण शब्द म्हणजे शब्द. तिनं खालून हात हलवला. "जिंकलास रे."

चैतन्य मागच्या वाटेनं वळसा घालून खाली आला तेव्हा त्याचा चेहरा जिंकणाऱ्याचा नव्हता. "बाबा असते तर काय म्हणाले असते गं?"

"‘नशिबानं चढली,’ म्हणाले असते." ती जीपकडं वळली. "मला एकदा वर नेऊ दे. देण्याआधी."

एकोणीस वर्षांची असताना ती ही तिरकी पहिल्यांदा चढली होती. बाबा डावीकडं बसलेले. वर पोचल्यावर ते म्हणाले होते, "चढलीस की लॉकशिवाय. एकटीनं." ते वाक्य तिनं बावीस वर्षं जपलं होतं. मुलाखतींना जाताना, घटस्फोटाच्या कागदांवर सही करताना, बाबांच्या खोलीबाहेर डॉक्टरांची वाट बघताना तिनं ते मनात म्हटलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

ती एकटीच बसली आणि निघाली. पहिला खड्डा. दुसरा. जीप कलली, मागून चाक मोकळं फिरल्याचा आवाज आला आणि जीप जागीच थरथरत राहिली. तिनं मागे घेऊन पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदाही. घामानं स्टिअरिंग निसटायला लागलं. तिनं डावीकडं वाकून हात लांब केला, पण लिव्हर वीतभर दूर होता.

ती जीप खाली घेऊन आली आणि इंजिन बंद करून बसून राहिली.

"पूर्वी चढायची," ती म्हणाली. "लॉकशिवाय. मी स्वतः चढवलीय."

लवू खिडकीशी आला. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "लॉकशिवाय खयची गो, चेडवा? तुझो बापूस हय खालीच लिवर ओढायचो. तू गिअर टाकीस तेवा."

"आवाज आला असता मला. खटकन् वाजतो तो."

"म्हणान तर खोकायचो ना मोठ्यान!"

संघमित्राला तो खोकला आठवला. चढाच्या पायथ्याशी, दर वेळी. तिला वाटायचं, बिडी. एकदा तर तिनं त्यांना त्यावरून रागेही भरलं होतं, आणि त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. ती समोरच्या काचेकडं बघत राहिली. काचेवर धूळ होती. तिनं वायपर दोनदा चालवला. धूळ तशीच होती.

डावीकडचं दार उघडलं आणि चैतन्य आत येऊन बसला. सीट मागे सरकवायला गेला, मग हात काढून घेतला आणि बाबांची सीट होती तशीच ठेवून गुडघे दुमडून बसला.

"कधी ओढू सांग."

"आत्ताच. अडकायच्या आधी."

खटकन् आवाज झाला. तिनं पहिला गिअर टाकला. जीप पहिल्या खड्ड्यात उतरली, दुसऱ्यात कलली, हवेतलं चाक आणि जमिनीवरचं चाक एका चालीनं फिरली आणि ती म्हशीसारखी सावकाश, न ओरडता वर गेली. करकर नाही, हिसका नाही.

"झकास," चैतन्य हळूच म्हणाला. मग म्हणाला, "पण माझीही चढली हां."

"चढली ना. नाही कोण म्हणतंय?"

खाली आल्यावर आईनं डबा उघडला. दोघांच्या हातात भाकरी देत ती सहज म्हणाली, "तुह्या बापाले ठाव होतं, चैतन्या."

"काय?"

"तुही गाडी चढंल म्हून. तू गाडी आणली त्याच्या दुसऱ्या महिन्यात मले म्हणे, पोराची गाडी चढते, तशीच एक मी तिरकीवर नेऊन पाहिली. पण त्याले सांगू नको. वाद मिटला तर हा दर रविवारी बोरीवलीहून कायले येईल?"

चैतन्य भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसला. लवू उगाच आपल्या काठीचं टोक तपासायला लागला.

मग चैतन्य उठला. "एक व्हिडिओ काढतो. ऑफिसात दाखवायला. ताई, तू धर फोन." तो गाडीत बसून पुन्हा तिरकीला लागला. खाली यायचा आणि पुन्हा चढायचा. तिसऱ्या फेरीला दुसऱ्या खड्ड्यात चाक गरगरलं, पण करकर आलीच नाही. चाक नुसतं फिरत राहिलं. जळका वास खालपर्यंत आला.

गाडी मागं मागं घेत तो खाली आला. चैतन्यनं काच खाली केली. त्याला गप्प बसता आलं असतं; समोरच्या पडद्यावर काय लिहिलंय ते तिला कुठं दिसत होतं?

"ताई, इकडं ये. बघ."

पडद्यावर लिहिलं होतं की ब्रेक तापले आहेत आणि ते थंड होईपर्यंत ट्रॅक्शन कंट्रोल बंद राहील.

संघमित्रानं ते दोनदा वाचलं. "कॉलर धरून धरून हात दुखला."

"दुखला," चैतन्य म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "आहे रे बाबा, हात आहे कंप्युटरला."

"म्हणजे हरलास?"

"ए, हरलो काय? एकदा चढली ती चढली! पण चढतच राहील असंही नाही. कोरड्या मातीत हे झालं, ओल्यात काय होईल देव जाणे. निकाल लागला नाही अजून." त्यानं फोन मागून घेतला आणि हर्षदला लावला. "हर्षद, सॉरी यार, आज नको येऊस... नाही, दुसरं गिऱ्हाईक नाही. घरातला वाद आहे, मिटायचाय... कधी मिटेल ते नाही सांगता येत."

"अन् तुही गाडी कुठी ठेवशील?" आईनं विचारलं.

"राहील रस्त्यावर. तरुण आहे ती."

गाडी थंड व्हायला अर्धा तास तरी लागणार होता. लवूला गाडीजवळ ठेवून तिघं जीपमधून खाणीच्या फाटकाबाहेर चहाला निघाली. आई मागे डबा घेऊन, चैतन्य डावीकडं. फाटकाशी वळताना स्टिअरिंग जड झालं, मागची चाकं फरफटल्यासारखी कुरकुरली. लॉक तसाच राहिला होता. डांबरी रस्त्यावर लॉक ठेवून वळायचं नसतं, हे तर बाबांनी दोघांना शाळेत असतानाच शिकवलं होतं.

तिनं जीप थोडी सरळ करून थांबवली. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चैतन्य मोठ्यानं खोकला.

खटका तिला स्वच्छ ऐकू आला. तिनं रस्त्यावर नजर ठेवून गिअर टाकला आणि वळली. जीप हलकी झाली होती.