भरती, ओहोटी आणि रवनीलचा पाय

मी एक करवंटी बोलतेय. हसू नका. खोबरं खरवडून झालं की करवंटी चुलीत नाहीतर केरात जाते, हे मलाही ठाऊक आहे. पण मी फिजीतल्या वाइरोरो वस्तीतली. इथं माझ्यासारखीला 'बिलो' म्हणतात आणि दोन्ही हातांनी धरतात. अकरा वर्षं या वस्तीतल्या माणसांनी मला ओठांना लावलंय, त्यामुळे कोण काय बोलतो आणि कोण काय गिळतो, दोन्ही मला कळतं.

माझा जन्म आपिसाईच्या ओढ्याकाठच्या माडावर झाला. ऊस तोडायच्या कोयत्याने त्याने एका घावात नारळाची दोन शकलं केली. वरच्या शकलाला तीन डोळे होते, म्हणजे तीन भोकंच. ती माझी बहीण कोंबड्यांना दाणे घालायला गेली. मला डोळे नव्हते म्हणून माझं नशीब उघडलं, कारण बिनडोळ्यांच्या करवंटीत पाणी टिकतं. आपिसाईने मला आठवडाभर फुटक्या काचेने घासलं, खोबरेल चोळलं आणि शेजारच्या बिसुनकाकांना भेट दिलं. काकांनी त्याच महिन्यात उसाच्या लॉरीची किल्ली मुलाच्या हातात ठेवली होती आणि आता संध्याकाळी करायचं काय, हा त्यांच्यापुढे मोठाच प्रश्न होता. तो प्रश्न मी सोडवला.

काकांच्या पडवीत रोज संध्याकाळी बैठक भरते. मधे निळं प्लॅस्टिकचं घमेलं. त्यात यंगोनाच्या मुळांची पूड फडक्यात बांधून कालवतात. दिसायला गढूळ पाणी, पण जीभ बधिर होते आणि माणूस निवांत होतो. आपिसाई मला घमेल्यात बुडवतो आणि विचारतो, "भरती की ओहोटी?" भरती म्हणजे काठोकाठ, ओहोटी म्हणजे अर्धी. घेणारा एकदा टाळी वाजवतो, मला एका दमात रिकामी करतो, मग सगळे तीनदा टाळ्या वाजवतात. एवढ्याशा कामाला एवढ्या टाळ्या मी दुसरीकडे कुठं ऐकलेल्या नाहीत.

आणि बैठकीचा विषय? फुटबॉल. ऊस, लग्न, निवडणूक, कुठूनही गाडी सुटली तरी ती फुटबॉलच्याच स्टेशनावर येऊन थांबते. आमचा वाइरोरोचा संघ तीनदा शिल्डच्या अंतिम सामन्यात पोचला आणि तीनदा हात हलवत परत आला. म्हणून यंदा सगळ्यांची भिस्त रवनीलवर होती.

रवनील आमचा सेंटर फॉरवर्ड. वय एकतीस. गोलपाशी चेंडू मिळाला की मांजराने दूध संपवावं तसा काम उरकून मोकळा. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो या पडवीत आला होता. ओहोटी घेतली, मला पालथी ठेवली आणि माझ्या पाठीवर टिचकी मारून म्हणाला, "आता शिल्ड आणल्यावरच भेटू गं." हे मला म्हणाला! अकरा वर्षांत माझ्याशी कुणी बोललं असेल तर तो एकटा. तेव्हापासून मी त्याची वाट पाहत होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मे महिन्यात त्याची डाव्या पायाची नडगी मोडली. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर एकच होता, पण घमेल्याभोवती रोज तीन-तीन डॉक्टर बसायचे.

"हळद आणि खोबरेल. दुसरं काही नको," बिसुनकाका म्हणायचे.

"काका, कुराच्या झाडाची पानं गरम करून बांधायला हवीत," आपिसाई मला बुडवत म्हणायचा. "माझा मामा झाडावरून पडला होता, पंधरा दिवसांत परत झाडावर."

"आणि परत पडला, ते का नाही सांगत?" दुकानदार मुनीअप्पा म्हणायचा. सगळे खो खो हसायचे आणि मग भरती.

प्लास्टर निघालं. रवनील आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय चालू लागला. पुढे तो मैदानाला फेऱ्या मारताना दिसू लागला, पण जरा लंगडत. आणि बैठकीचा सूर बदलला. हाड इतके दिवस का घेतंय? कारण शोधायला हवं. माणसांना कारण सापडलं नाही तर झोप लागत नाही.

कारण मुनीअप्पाने आणलं. एके संध्याकाळी तो मला रिकामी करून, मिशी पुसून म्हणाला, "सांगू नये, पण सांगतो. रवनील दर सोमवारी माझ्या दुकानातून यंगोनाचं पाकीट नेतो. अर्धा किलो."

"अर्धा किलो?" काकांनी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. "एकटा माणूस?"

"बापाने सोडलीय, आई पीत नाही. मग घरात उरलं कोण?"

"पाय बरा कसा होणार मग," काका म्हणाले. "रात्रभर पीत बसायचं, दुपारपर्यंत लोळायचं. पायाला सांधायला वेळ तर द्यायला हवा!"

मला बोलता आलं असतं तर त्याच क्षणी ओरडले असते. कारण माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे डोळे नाहीत मला, पण तरी, दर मंगळवारी आपिसाई एक पाकीट बैठकीत आणत होता. "आत्याची कृपा," म्हणायचा आणि घमेल्यात ओतायचा. पाकिटाला मुनीअप्पाच्या दुकानातली लाल सुतळी बांधलेली असायची. मुनीअप्पा स्वतः ती सुतळी सोडायचा आणि गुंडाळून खिशात ठेवायचा. दुकानदाराची सवय. पण ही सुतळी आपलीच, हे एकदाही त्याच्या डोक्यात आलं नाही.

काका रागावले होते, पण त्यांच्या रागात खोट नव्हती. तरुणपणी तेही खेळायचे. पहिल्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री ते इतके प्यायले की सकाळी बस सुटली तरी जागे झाले नाहीत. वाइरोरो एका गोलने हरलं. त्या एका गोलचं ओझं काकांनी पंचेचाळीस वर्षं उचललंय. आणि आता वाइरोरो चौथ्यांदा अंतिम सामन्यात पोचलं होतं आणि काका निवड समितीत होते. समितीत तिघे, पण बाकीचे दोघे काका मान हलवतील तिकडे मान हलवायचे. म्हणजे रवनील अंतिम सामना खेळणार की नाही, हे याच पडवीत ठरणार होतं. एकतिसाव्या वर्षी ज्याचं नाव यादीतून जातं, त्याचं पुन्हा येत नाही.

यादी द्यायच्या आदल्या संध्याकाळी काका गुडघ्यावर कागद घेऊन बसले होते. तेवढ्यात रवनील सराव संपवून रस्त्याने चालला होता.

"ए रवनील! ये, बस जरा," काकांनी हाक मारली.

तो आला. अर्ध्या चड्डीतच होता. तिघांचीही नजर एकदम त्याच्या डाव्या पायावर गेली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी कोरडी पडून खवले सुटले होते. आता हे खवले म्हणजे आमच्याकडे पोलिसातला पुरावा. जो यंगोना अती पितो, त्याची कातडी सुक्या मासळीसारखी होते, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. काकांच्या स्वतःच्या दोन्ही कोपरांवर आणि मानेवर ते चांगले वस्तीला आहेत, पण स्वतःची मान कुणाला दिसते?

"घे, एक ओहोटी घे," काका म्हणाले. परीक्षाच होती ती.

रवनीलने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "नको काका. शिल्डनंतर."

"आमच्यासमोर शिल्डनंतर," मुनीअप्पा म्हणाला, "आणि दर सोमवारचं पाकीट? ते काय कोंबड्यांना घालतोस?"

रवनीलचं हसू गेलं. तो आपिसाईकडे बघून काही बोलणार होता, पण थांबला. दिलेल्या भेटीचा हिशोब देणाऱ्याने सांगायचा नाही, अशी इथली रीत. "मी पीत नाही, काका," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. पाठमोरा चालताना जरा जास्तच लंगडला, की मलाच तसं वाटलं कोण जाणे. मला फार वाईट वाटलं. मी भरलेली होते, तशीच घमेल्यात उपडी व्हावंसं वाटलं.

काकांनी कागदावरच्या एका नावावर रेघ मारली. मग काकांनी स्वतःसाठी भरती मागितली.

तेवढ्यात लितियाआत्या आली. आपिसाईची आत्या, पांढऱ्या केसांची, मोडलेली-मुरगळलेली हाडं चोळून बसवण्यात तिचा हात धरणारं इकडे कुणी नाही. ती भाच्याला जेवायला बोलवायला आली होती, पण तिघांचे चेहरे पाहून दारातच थांबली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी गेलं नाही. रवनीलचं नाव काढलं," आपिसाई खाली मान घालून म्हणाला. "फार पितो गं तो. दर सोमवारी अर्धा किलो."

आत्याने कमरेवर हात ठेवले. "आपिसाई, या घमेल्यात आहे ती यंगोना कुणाची?"

"तूच तर दिलीस, आत्या."

"आणि मला कुणी दिली?"

आपिसाईने मला तसंच घमेल्यात सोडलं.

"दर सोमवारी पोरगं माझ्याकडे पाय चोळायला येतं. रिकाम्या हाताने येत नाही, रीतीप्रमाणे पाकीट पुढं ठेवतं. मी पीत नाही, म्हणून तुला देते. आठ आठवडे त्याची पिताय आणि त्यालाच पिणारा म्हणताय!"

मुनीअप्पाने खिशात हात घातला. खिशातून लाल सुतळीचं भेंडोळं निघालं. त्याने ते पाहिलं आणि परत आत कोंबलं.

काका मात्र सहजी हरणारे नव्हेत. "पण लितियाताई, पायावरचे खवले? ते आम्ही या डोळ्यांनी पाहिले!"

"एकाच पायावर ना? डाव्या?"

"हो, डाव्या."

"यंगोना काय डाव्या पायाने पितात का रे बिसुन? सहा आठवडे कातडी प्लास्टरमधे कोंडली होती, ती सोलणार नाही तर काय करणार? आणि खवलेच बघायचेत तर कोपर वर कर बघू!"

काकांनी बाह्या खाली ओढल्या. मी मनातल्या मनात तीन टाळ्या वाजवल्या. मग काकांनी पेन उचललं, पण खोडलेल्या नावावर परत नाव कसं लिहायचं ते सुचेना. त्यांनी तो कागदच फाडला. नव्या कागदावर पहिलंच नाव रवनीलचं लिहिलं आणि कागद घेऊन अनवाणी त्याच्या घराकडे निघाले. तिथं काय बोलले ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा नाक लाल होतं आणि कागदावर पाण्याचा एक थेंब पडलेला होता.

अंतिम सामना समुद्रापलीकडच्या मोठ्या बेटावर होता. बोटीत जागा मिळाली नाही, म्हणून आमची बैठक दुपारीच रेडिओभोवती भरली. मध्यंतरापर्यंत काहीच घडलं नाही. मग रेडिओवाला म्हणाला, वाइरोरोने रवनीलला मैदानात उतरवलंय. काकांनी मला भरलेली तशीच जमिनीवर ठेवली. प्यायचंसुद्धा विसरले. सामना संपायला चार मिनिटं असताना रेडिओवाला एकदम किंचाळला. डाव्या पायाने! गोल!

एकाहत्तर वर्षांचे बिसुनकाका हवेत उडाले. आणि खाली आले ते माझ्यावर.

'कट्' असा आवाज झाला, पण तो ऐकायला शुद्धीवर होतं कोण? काका रडत होते, मुनीअप्पा आपिसाईच्या गळ्यात पडला होता, यंगोना चटईभर पसरली होती. मला काठापासून बुडापर्यंत चीर गेली होती. दुखलं का? दुखलं. पण मीही त्या घटकेला ओरडतच होते.

दोन दिवसांनी रवनील शिल्ड घेऊन पडवीत आला. अख्खी वस्ती मागे. काकांनी नवीकोरी बिलो काठोकाठ भरून त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, "ही नाही. माझी कुठाय?"

आपिसाईने मला फळीवरून काढून दाखवलं. रवनीलने चिरीवरून अंगठा फिरवला. आत्या पुढे झाली, तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "नीरफणसाचा चीक भरून बांधा. सहा आठवडे विश्रांती. पिणं बंद."

"ऐकलंस काका?" मुनीअप्पा म्हणाला. "पिणं बंद. पण हिचा भरवसा नाही हं, रात्री गुपचूप घमेल्यात उतरेल."

"हिच्या पाठीवर खवले दिसतायत मला!" आपिसाई म्हणाला.

वस्ती हसून हसून लोळली. रवनीलने ती नवीकोरी भरती काकांच्याच हातात दिली. "तुम्ही घ्या काका. मी थांबतो. ती माझ्यासाठी अख्खा हंगाम थांबली, मला सहा आठवडे जड आहेत का?"

आता मी फळीवर आहे, चिकाने सांधलेली, आपिसाईच्या दोरीने बांधलेली. खाली रोज संध्याकाळी माझ्या प्रकृतीवर चर्चा चालते. काका म्हणतात हळद लावा. आपिसाई म्हणतो कुराची पानं बांधा. चीक धरणार नाही, असं मुनीअप्पाला वाटतं. बोलू देत बिचारे. आत्यापुढे मात्र तिघंही सांभाळून बोलतात.

तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या गावातही कुणी लंगडत मैदानाला फेऱ्या मारत असेल. तो काय पितो हे ठरवण्याआधी, तुम्ही कुणाचं पिताय तेवढं एकदा बघा.

पाच आठवडे झाले. काल रवनील सरावाहून जाताना पडवीत डोकावला, हात वर करून माझ्या पाठीवर टिचकी मारली आणि आवाज ऐकून म्हणाला, "धरलाय हं सांधा." पुढच्या शनिवारी तो येणार आहे. मी भरतीच मागणार आहे.