बिनचिठ्ठीचे कान

कारखान्यात तिला सगळे संख्याताई म्हणायचे. संख्याशास्त्राची पदवी घेऊन ती चार महिन्यांपूर्वी इथे लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांच्या चहाच्या सुट्टीची सरासरी काढून दाखवली. तेव्हा चिकटलेलं नाव काही सुटलं नाही.

कारखाना कानाच्या मशीनसाठी साचे बनवायचा. दवाखान्यातून माणसाच्या कानाचा ठसा छोट्या डबीत यायचा आणि साचेखोलीतली आठ माणसं त्यावरून त्याच कानात बसेल असा साचा ओतायची, घासायची, चकचकीत करायची. केसाएवढी फट राहिली की मशीन शिट्टी मारतं, केसाएवढा उंचवटा राहिला की कान ठणकतो. प्रत्येक डबीसोबत एक चिठ्ठी असायची. तिच्यावर वय, जमलं तर त्या माणसाची एखादी ओळख, आणि त्याला काय ऐकायचं आहे त्याची एक ओळ. "वय नऊ. मागच्या बाकावरून बाईंचं बोलणं." "वय अडुसष्ट. दारावरची बेल."

ही ओळ मिळवायला दोन माणसं दिवसभर दवाखान्यांना फोन लावत बसायची, आणि मालकीणबाईंना नेमकं तेच खुपत होतं.

"पुढच्या दारापाशी एवढ्या मोठ्या अक्षरांत आपलं ध्येय लिहिलंय, 'प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकू यावं'," त्या म्हणाल्या. "तुझ्या पाहणीत साचेखोलीतल्या एकाला तरी ते सांगता आलं का?"

"नाही बाई. तिथल्या मावशी म्हणाल्या, आम्ही मागच्या दाराने येतो."

"बघ! मग चिठ्ठीने तरी काय दिवे लागत असतील? ध्येय समोर असलं की कामात मन लागतं, हे सगळे सांगतात, मोजत कुणी नाही. तू मोज. दहा दिवस देते. फरक दिसला तर चिठ्ठी राहील, नाहीतर पुढच्या महिन्यापासून नुसते क्रमांक."

संख्याताईने प्रयोग अगदी मन लावून आखला. डब्यांच्या जोड्या लावायच्या, नाणं उडवायचं, एकीला चिठ्ठी, दुसरीला फक्त क्रमांक. तपासणीला साचा साध्या खोक्यात जाणार, म्हणजे भिंग लावून बसणाऱ्या काकांना कुठला कुठल्या गटातला ते कळायला नको. क्रमांकवाल्या चिठ्ठ्या तिने पाकिटात घालून स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केल्या.

साचेखोलीच्या प्रमुख मावशींनी नाक मुरडलं. "बिनचिठ्ठीचा कान? म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. द्यायचं कुणाला?"

"मावशी, दहाच दिवस. फक्त एक वचन द्या, या डब्या कुणाच्या ते कुणालाही विचारायचं नाही."

"नाही विचारणार. माझा शब्द."

दहा दिवस सरले. दोन्ही गटांत एकशेसाठ साचे. चिठ्ठीवाले नऊ नापास, बिनचिठ्ठीचे चौदा. संख्याताईने तीनदा हिशेब केला. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. म्हणजे फरक दिसला नाही, असंच लिहायला हवं. तिला स्वतःला त्या चिठ्ठ्या फार आवडायच्या, पण आवडतं म्हणून आकडे वाकवणाऱ्यांतली ती नव्हती. निदान साचेखोलीला आपल्या तोंडून कळावं, म्हणून ती सकाळी जड पायांनी तिकडे गेली.

आत मावशी ओरडत होत्या, "अरे, तो बसड्रायव्हर परत आलाय नापास होऊन! कुणी घासला होता? बिचाऱ्याला हॉर्न ऐकू यायचा नाही अशाने!"

"कुठला बसड्रायव्हर?" संख्याताईने विचारलं. "मी तर अशी चिठ्ठी पाहिली नाही."

पॉलिशवाला एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. संख्याताईने मावशींच्या पुढ्यातला ट्रे उचलून उलटा केला. खाली चिकटपट्टी होती आणि तिच्यावर पेनाने लिहिलं होतं: "तीनशे अकरा. बसड्रायव्हर. रागीट, पण मनाचा चांगला." तिने शेजारचा ट्रे उलटला. "तीनशे चार. शिवणकाम करणारी. मुलगी परगावी, रोज फोन."

"मावशी! तुम्ही शब्द दिला होता!"

"पाळला की! कुणाला एका अक्षराने विचारलं असेल तर सांग. आम्ही आपले बनवले."

"कधीपासून?"

"पहिले दोन दिवस कसेबसे ढकलले. हात चालायचे, पण जीव लागेना. तिसऱ्या दिवशी या शहाण्याने सुरुवात केली."

पॉलिशवाला कान खाजवत म्हणाला, "ब्याऐंशी नंबर इवलासा होता हो. म्हटलं, एवढासा कान, तो काय नुसता ब्याऐंशी असणार? मी लिहिलं, 'खोडकर मुलगी.' मग सगळ्यांनाच चटक लागली."

"अहो, तुम्ही माझ्या प्रयोगाचं वाटोळं केलंत!" असं म्हणता म्हणताच ती थबकली. तिसरा दिवस. ती धावत टेबलाशी गेली आणि आकडे दिवसवार मांडले. पहिल्या दोन दिवसांत बिनचिठ्ठीचे बत्तीसपैकी सात नापास, चिठ्ठीवाले दोन. पुढच्या आठ दिवसांत इकडेही सात, तिकडेही सात.

कागद आणि चिकटपट्ट्यांचे ट्रे घेऊन ती मालकीणबाईंसमोर उभी राहिली.

"थोडक्यात, प्रयोग फसला," बाई म्हणाल्या.

"सपशेल. दोन दिवसांचे आकडे थोडे आहेत, त्यांवर मी पैज लावणार नाही. पण एक गोष्ट छातीठोकपणे सांगते. तिसऱ्या दिवसानंतर कारखान्यात बिनचिठ्ठीची डबी उरलीच नाही. तुम्ही चिठ्ठी बंद केलीत, तर ही आठ जणं रोज बत्तीस माणसं जन्माला घालतील."

बाई एकेक ट्रे उलटून वाचायला लागल्या. 'रागीट, पण मनाचा चांगला' पाशी त्यांचे ओठ हलले. 'सासूला कमी ऐकू येतं असं सांगते, पण स्वतःलाच येत नाही' पाशी त्यांना हसू आवरेना, चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"भिंतीवरचं वाक्य मी तीन महिने घासून घासून लिहिलं होतं गं," त्या शेवटी म्हणाल्या. "यांनी आठ दिवसांत सव्वाशे लिहिली. राहू दे चिठ्ठी. फोनवाल्यांना सांग, आणखी एक ओळ विचारा म्हणावं."

संख्याताई जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरली. बातमी ऐकून साचेखोलीत जो गलका झाला, त्याने तपासणीतले काका भिंगासकट धावत आले.

"आता ती पाकिटं काढ," मावशींनी फर्मावलं. "खरी माणसं कोण होती ते कळू दे."

ब्याऐंशी नंबर निघाला. "वय सात. मुलगा. मांजरीची गुरगुर." पॉलिशवाल्याने, निम्मं तरी बरोबर आलं, म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. शिवणकामवाली प्रत्यक्षात निघाली गणिताचा प्राध्यापक, आणि सगळे पोट धरून हसले. मग संख्याताईने तीनशे अकराचं पाकीट उघडलं.

"वय बावन्न. बायको दुसऱ्या खोलीतून काय म्हणते ते."

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "असाही नवरा असतो का जगात? आण तो ट्रे इकडे. हा मी स्वतः घासते."