तेजाब आणि गोडी विहीर

मित्रांनो, ते साल होते १९५९. मे महिना होता, आणि वऱ्हाडातल्या त्या उन्हात दुपारी बैलसुद्धा सावली सोडत नव्हते.

मी एक जुनी, सहा व्होल्टची मोटारीची बॅटरी आहे. माझ्या काळ्या पेटीच्या एका कोपऱ्यावर डांबराचा मोठा डाग आहे. पाहणारे विचारतात, ही कुठे पडली होती? मी पडले नव्हते. मला एका माणसाच्या पाठीवर आपटले होते.

माझा जन्म अमरावतीच्या एका लहान कारखान्यात झाला. शिशाच्या जाळ्या ओतल्या, त्यांत लेप भरला, मधे लाकडाच्या पातळ फळ्या घातल्या आणि तीन खणांच्या पेटीत सगळे बसवले. मग तेजाब, म्हणजे पाणी मिसळलेले गंधकाचे आम्ल, ओतले, तेव्हा मी जागी झाले.

तिथल्याच एका दुकानात मला निवडायला देवमन आला. अकोल्याच्या खुशालरावांचा तो ड्रायव्हर. त्यांची मोटार १९३४ सालची, काळी, उंच चाकांची. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी तिच्यात ट्रकची बारा व्होल्टची बॅटरी घातली होती आणि सगळे दिवे जाळून घेतले होते. देवमन मात्र मोटारीतल्या खोक्याचे माप दोरीला गाठी मारून घेऊन आला. त्याने दोरी मला लावली, पेटी ठोकून पाहिली, तिन्ही खणांत डोकावून पाहिले.

दुकानदार हसला, "बाप्पा, बॅटरी घ्याले आला का नवरी पाह्याले?"

"नवरी एकदा पाह्यली की झालं," देवमन म्हणाला, "इले तं रोज पाहा लागते."

आणि तो खरोखर रोज पाहायचा. माझी टोके सोड्याच्या पाण्याने पुसायचा, त्यांना व्हॅसलीन लावायचा. मला खोक्यात घट्ट आवळायचा, कारण हिसक्यांनी माझ्या जाळ्यांतला लेप झडतो. मोटार कुठे जायची नसली तरी आठवड्यातून एकदा इंजिन चालवायचा. सगळ्यांत जास्त जपायचा ते पाणी. उन्हाळ्यात माझ्यातले पाणी उडते, तेजाब मागे उरते आणि जास्तच जहाल होते. अशा वेळी वाफेचे शुद्ध पाणी घालावे लागते. ते नसेल तर निदान गोडे. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरींना मिठाची चव. म्हणून देवमनला एक सवय लागली होती. कुठलेही पाणी मला पाजण्याआधी तो त्यात बोट बुडवून जिभेला लावायचा.

त्या दिवशी खुशालराव शेताच्या कामाने मूर्तिजापूरच्या बाजूच्या एका गावी आले. गावाचे नाव मी सांगणार नाही. गाडीवाटेच्या धक्क्यांनी देवमनच्या बाटलीचे बूच उडाले आणि सगळे पाणी सांडले. गावात पोचल्यावर त्याने माझी झाकणे उघडली, तर तेजाब खाली जाऊन जाळ्यांची वरची टोके उघडी पडली होती.

"खाऱ्या विहिरीचं टाक ना," खुशालराव ओसरीवरून म्हणाले. "दिवस बुडाच्या आत अकोल्याले पोचा लागते."

"मालक, खारं टाकलं तं बॅटरी मेली समजा."

"मंग गोड्या विहिरीवर जाय. पन जपून."

जपून का, ते देवमनला ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या बायकोने, मनकर्णाने, नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या गावाच्या लेखी मात्र तो अजून जुनाच, अस्पृश्यच होता, आणि गोड्या विहिरीला त्याने शिवायचे नव्हते.

त्याने मला उचलून विहिरीजवळच्या निंबाच्या सावलीत ठेवले. तिन्ही झाकणे उघडीच होती. विहिरीवर गावातली गोदाबाई पाणी शेंदत होती.

"काकू, मोटारीले पानी पाह्यजे," तो लांबूनच म्हणाला.

"मोटार बी पानी पेते काय?"

"पेते. खारं मात्र चालत नाई तिले."

"बाई बाई, मोठी लाडाची हाय!" गोदाबाई हसली. तिने भरलेली बादली ओट्यावर ठेवली आणि बाटलीत वरून धार धरायला तांब्या शोधू लागली. ओट्याजवळ आलेल्या देवमनचे सगळे लक्ष पाण्यात होते. सवयीने त्याचे बोट बादलीत गेले आणि जिभेला लागले.

"हात घातला रे यानं बादलीत!"

गोदाबाईचा मुलगा रामराव ओरडत मागून येत होता. त्याच्याबरोबर चौघे होते. देवमन म्हणाला, "भाऊ, खारं हाय का ते पाह्यलं फक्त." त्याचे वाक्य पुरते झाले नाही. पहिली काठी तोंडावर बसली. दात तुटून माझ्या पेटीवर उडाला. दुसरी गुडघ्यावर बसली, आणि तो खाली कोसळल्यावर लाथांना मोजदाद राहिली नाही. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली काडी मोडावी तसा तो आवाज होता. समोरच्या ओसरीवर खुशालराव उठून उभे राहिले. मग पुन्हा बसले.

"सोड रे रामा, मरन तो!" गोदाबाई ओरडत होती.

रामरावला मी दिसले. "मोटारीले पानी पाजतं नाई का? घे, पाज!" असे म्हणत त्याने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले.

मित्रांनो, माझी झाकणे उघडी होती. तेजाब आधी त्याच्याच मनगटांवर सांडले, मग तोंडावर, मग डोळ्यांत. त्याने किंकाळी फोडली आणि मला सोडले. माझा कोपरा देवमनच्या पाठीवर आदळला, पेटी तडकली आणि उरलेसुरले तेजाब त्याच्या सदऱ्यात मुरले. रोज मला पुसणाऱ्या माणसाची पाठ मीच जाळली.

रामराव जमिनीवर लोळत डोळे चोळत होता. एकाने चुना आणला, दुसरा म्हणाला तेल टाका.

"चोळू नका!" रक्ताने भरलेल्या तोंडाने देवमन ओरडला. "चुना नका लावू, आंधळा होईन तो! पानी टाका. नुसतं पानी!"

कुणी हलेना. तो हातांवर रेटा देत उठला, रांगत ओट्यापाशी गेला आणि त्याने तीच बादली ओढली. एकाने काठी उगारली. गोदाबाई मधे आली.

"हात लावून पाह्य याले!" ती त्या माणसाला म्हणाली. मग देवमनकडे वळली. "टाक बापा तू. माह्या पोराचा डोया वाचव."

देवमनने रामरावचे डोके मांडीवर घेतले, दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि धार धरली. गोदाबाई दोर ओढत राहिली. तिच्या हातांची सालटी निघाली. एवढा वेळ देवमनचा सदरा पाठीला चिकटून जळत होता. रामरावचे ओरडणे कमी झाले तेव्हा कुठे तो म्हणाला, "काकू, आता माह्या पाठीवर ओता."

तिने ओतले. सदरा सोलून काढला, तेव्हा त्याच्याबरोबर कातडीही आली.

दोघांना मूर्तिजापूरच्या दवाखान्यात नेले. पण दोन वेगवेगळ्या बैलगाड्यांतून.

देवमनच्या गाडीत मीही होते. मोडकी म्हणून खुशालरावांनी मला टाकून दिले होते, देवमनने मला मागून घेतले. पुढे त्याने माझा तडा डांबराने बुजवला आणि जाळ्या बदलून मला आणखी दोन वर्षे चालवले.

मारहाणीचा खटला उभा राहिला, तेव्हा खुशालरावांनी कोर्टात सांगितले की आपण काही पाहिले नाही. रामराव आणि ते चौघे सुटले. त्यांच्या मोटारीत पुढे कुणी खारे पाणी घालून एकामागून एक बॅटऱ्या मारल्या, आणि १९६२ साली ती अमरावतीला भंगारात गेली.

रामरावचा एक डोळा वाचला, दुसऱ्यावर कायमची साय आली. तो सांगायचा, बॅटरी आपोआप फुटली. १९६७ साली त्याने ट्रॅक्टर घेतला. त्याची बॅटरी तो देवमनच्याच दुकानात पाठवायचा, पण गड्याच्या हाती. स्वतः कधी आला नाही.

देवमनने नोकरी सोडून अकोल्यात बॅटऱ्या भरण्याचे दुकान काढले. पाठीवर तो पुन्हा कधी झोपू शकला नाही. दुकानात पाण्याची बादली कायम भरलेली असावी हे मनकर्णाने स्वतःकडे घेतले होते. मित्रांनो, तुम्हीही तसेच करा. बॅटरी उघडाल तिथे आधी भरपूर पाणी ठेवा. तेजाब उडाले तर चोळू नका, धुवत राहा आणि डॉक्टरकडे जा. आणि पाणी घेऊन जो हात पुढे येईल, त्याला थांबवू नका.

गोदाबाईचे मात्र गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकले. त्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी गावाने गोडी विहीर उपसून शुद्ध करून घेतली. तेव्हा ती म्हणाली, "ज्या हातानं माह्या पोराचा डोया वाचला, तो हात तुमाले विटाळ वाटते. मंग मले तुमचं गोडं पानी नोको." त्या दिवसापासून तिने घरची घागर खाऱ्या विहिरीवर न्यायला सुरुवात केली. १९६५ साली ती वारली. तोवर ती तेच पाणी प्यायली.